किरमिजी म्हणजे नेमका कोणता लाल, आणि त्या रंगाचा स्टोल घरी कसा करावा

इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये चर्चच्या लाल स्टोलसाठी, म्हणजे पाद्री गळ्यात घालतात त्या लांब पट्ट्यासाठी, कापड मागायला गेलं की कापडाआधी शब्द आडवा येतो. नुसतं 'लाल' म्हटलं तर दुकानदार टोमॅटोसारखा लाल पुढे टाकतो. 'डार्क लाल' म्हटलं तर मरून निघतं, 'जरा गुलाबीकडे' म्हटलं तर राणी कलर. आणि आपला मराठी शब्द लावून 'किरमिजी' मागितलं तर समोर येतं जाड कॅनव्हास, कारण हिंदीत किरमिच म्हणजे बुटांचं नि पडद्यांचं जाडंभरडं कापड. म्हणून हा रंग आधी डोळ्यांत पक्का बसवायचा आणि मगच बाजाराला जायचं.

किरमिजी हा निळसर छटेचा गडद लाल. शेंदरी पिवळ्याकडे झुकतो, किरमिजी निळ्याकडे. डाळिंबी त्याच्या सर्वांत जवळचा, पण जरा पातळ. गुलबक्षी त्याच्या पलीकडचा, त्यात गुलाबी जास्त. मरूनमध्ये तपकिरी मिसळलेला असतो आणि चर्चसाठी तोच सर्वांत चुकीचा पर्याय ठरतो, कारण वेदीजवळच्या मंद उजेडात तो काळपट विटकरी दिसतो. ओळखायची सोपी खूण अशी: कापडाची घडी घाला आणि घडीच्या आतल्या सावलीत पाहा. सावलीत जो जांभळटतो तो किरमिजी, जो तपकिरी होतो तो मरून, जो केशरट राहतो तो शेंदरी.

या शब्दाच्या पोटात किडा आहे. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा, आपल्या 'कृमि'चाच भाऊबंद. त्यावरून किर्मिझ, म्हणजे किड्यापासून केलेला रंग. इंग्रजीतले क्रिमझन आणि कार्माइन त्याच मुळावरचे. भूमध्य समुद्राकाठच्या एका बुटक्या ओक झाडावर हा किडा बसतो. मादीला पंख नसतात, ती फांदीला चिकटलेल्या दाण्यासारखी दिसते. या माद्या वाळवून कुटल्या की लाल रंग निघे. बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या 28व्या अध्यायात याजकाच्या वस्त्रांसाठी सोनं, निळं, जांभळं आणि किरमिजी सूत सांगितलं आहे. तिथे मूळ हिब्रू शब्द 'तोलाअत शानी', आणि त्यातला तोलाअत म्हणजेही किडाच. मराठी भाषांतरकारांनी त्याला किरमिजी म्हटलं ते म्हणूनच अगदी नेमकं आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या 18व्या वचनात मराठीत पापांना लाखेची आणि किरमिजाची उपमा आली आहे. दोन्ही किड्यांचेच रंग, आणि खाली आपण जो रंग करणार आहोत तो लाखेच्या किड्याचा.

मग कार्डिनलच्या, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याच्या, लाल झग्याला लोक 'पर्पल' का म्हणतात? पर्पल हा शब्द मुळात समुद्री शंखातल्या गोगलगायीच्या रंगाचा. तो सम्राटांचा रंग, अतिशय महाग, आणि त्याच्या छटा लालसरापासून जांभळ्यापर्यंत असत. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि या रंगाचा पुरवठा आटला. 1464 मध्ये पोप झालेल्या दुसऱ्या पॉल यांनी कार्डिनलांसाठी किर्मिझ किड्याचा लाल ठरवला. रंग बदलला, पण मानाचं नाव तेच राहिलं. लाल टोपी मात्र त्याआधीची, 1245 मध्ये चौथ्या इनोसंट पोपांनी दिलेली. श्रद्धेसाठी रक्त सांडायची तयारी, असा तिचा अर्थ. त्यामुळे चर्चच्या वस्त्रांविषयी इंग्रजीत 'पर्पल' वाचलं तर लगेच 'जांभळा' असं भाषांतर करू नका. बोलणं ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या स्टोलचं असेल तर जांभळा बरोबर आहे. कार्डिनलपदाचं असेल तर रंग लाल आहे.

लाल कधी लागतो

कापड घेण्यापूर्वी तारखा पाहून घ्या. लाल लागतो झावळ्यांच्या रविवारी, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे), पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), प्रेषितांच्या आणि रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्या, संतांच्या सणांना. भारतात 3 जुलैचा संत थॉमसचा सण त्यातच येतो. 27 डिसेंबरचा प्रेषित योहानाचा सण मात्र पांढरा, कारण परंपरेनुसार त्याला रक्तसाक्ष द्यावी लागली नाही. इंदुरात दोन चर्च रंगांवरूनच ओळखली जातात, लाल चर्च आणि व्हाइट चर्च. पण नावाचा रंग आणि सणाचा रंग यांचा संबंध नाही. लाल चर्च असिसीच्या संत फ्रान्सिसचं, आणि त्याच्या 4 ऑक्टोबरच्या सणाला वस्त्रं पांढरी असतात. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि उपवासकाळ जांभळे, नाताळ आणि ईस्टर पांढरे किंवा सोनेरी, बाकीचा काळ हिरवा.

पेंटेकॉस्ट ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी येतो, म्हणजे मे किंवा जूनमध्ये. त्यासाठी स्टोल हवा असेल तर रंगकाम उपवासकाळातच उरकून घ्या. मे महिन्यातल्या इंदूरच्या गरम वाऱ्यात ओलं रेशीम कडेने भराभर सुकतं, मधे ओलं राहतं आणि डाग धरतं. शिवाय त्या उकाड्यात साठवलेली लाख मऊ होऊन तिचा एकच गोळा बसतो.

सामान

कापड शुद्ध मलबरी रेशमाचं, पांढरं, बिनरंगाचं घ्या. पातळ साधं विणकाम, 44 इंच पन्हा, दीड मीटर. वजन साधारण 100 ग्रॅम भरतं, आणि पुढची सगळी मापं या 100 ग्रॅमवर आहेत. तुमचं कापड जड असेल तर आधी तोलून घ्या आणि त्या प्रमाणात वाढवा. इतक्या कापडातून तीन स्टोल निघतात. एकच लागणार असला तरी तीन निघतील एवढं कापड एकाच वेळी रंगवा, कारण लाखेचा तोच रंग दुसऱ्या वेळी हुबेहूब साधत नाही, आणि दोन पाद्री शेजारी उभे राहिले की फरक डोळ्यांत भरतो.

महेश्वर जवळ असल्यामुळे महेश्वरी कापडाचा मोह होतो. त्यात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असेल तर लाख फक्त रेशमावर बसते आणि सूत फिकट गुलाबी राहतं. कापड उभं धरलं की एक रंग आणि आडवं धरलं की दुसरा, असं होतं. सुतावर रंग बसवायचा तर तुरटीआधी हिरड्याचा काढा द्यावा लागतो, आणि त्या काढ्याने रेशीम पिवळट पडतं. महेश्वरी किनार वरून लावायला सुंदर दिसते, रंगवायला मात्र घेऊ नका. टसरही नको. त्याच्या अंगच्या सोनेरीपणामुळे किरमिजी विटकरी होतो.

लाख 'खडी' घ्या, म्हणजे काडीवरची, न धुतलेली. सियागंजात किराणा आणि जडीबुटीच्या घाऊक दुकानांत विचारा. इथेच सर्वांत जास्त फसगत होते. चपडा लाख चकचकीत पत्र्यांची, दिसायला स्वच्छ, पण तिच्यात रंग उरलेला नसतो. तो आधीच धुऊन काढलेला असतो, उरते ती फक्त राळ. धुतलेली दाणेदार लाखही तशीच फिकी. हवी ती काळपट तांबडी, फांदीचे तुकडे चिकटलेली, कुबट वासाची. चिमूटभर कुटून ओल्या पांढऱ्या कापसावर चोळा. कापूस अळत्यासारखा लाल झाला तर घ्या. अळताही मुळात लाखेचाच, त्यामुळे ही छटा मराठी घरात आजीच्या पावलांवर पाहिलेली असते.

खडी लाख 200 ग्रॅम, तुरटी 15 ग्रॅम, टाटरी (खायचं आंबट सत्त्व) 4 ग्रॅम, रिठे आठ-दहा, पांढरं व्हिनेगर अर्धी वाटी. भांडं स्टेनलेस स्टीलचं, दहा लिटरचं, आणि ढवळायला लाकडी दांडा. लोखंडी कढई किंवा गंजका चमचा कुठेही नको, लोह मिसळलं की लाल मरतो आणि काळपट जांभळा उरतो. तांब्या-पितळेचंही टाळा.

पाणी नळाचं, नर्मदेचं घ्या. बोरिंगच्या जड पाण्यातल्या चुन्यामुळे लाख जांभळटते. बोरिंगशिवाय इलाज नसेल तर उकळून, थंड करून, वरचं निवळ पाणी घ्या आणि टाटरी एक ग्रॅम वाढवा.

रंगवणं

पहिल्या दिवशी सकाळी कापड धुऊन काढा. रिठे फोडून चार लिटर कोमट पाण्यात भिजवा, फेस आला की गाळून घ्या आणि त्यात कापड अर्धा तास ठेवा. कापडावरची खळ गेली नाही तर तिथे रंग ढगासारखा बसतो आणि ते ढग नंतर काही केल्या जात नाहीत. धुतल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाका. लगेच जिरला तर पुढे जा, गोळीसारखा वर राहिला तर पुन्हा धुवा.

त्याच संध्याकाळी तुरटी. 15 ग्रॅम तुरटी एक वाटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, चार लिटर कोमट पाण्यात मिसळा, ओलं कापड त्यात पसरून रात्रभर ठेवा. उकळू नका, तुरटीही वाढवू नका. जास्त तुरटीने रेशीम चरबरीत होतं आणि चमक जाते. कापड पाण्याबाहेर तरंगायला नको, वर आलेला भाग फिका राहतो. त्यावर चिनीमातीची बशी दाबून ठेवा.

तुरटी मुरत असताना लाख भिजत घाला. खलबत्त्यात बाजरीएवढी बारीक कुटा, पीठ करू नका. दोन लिटर पाण्यात बारा तास भिजवा. पाणी कोमट चालेल, पण हात सुखाने राहील इतकंच. त्याहून गरम झालं की राळ मऊ पडते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि रंग आतच अडकतो. धुण्याचा सोडा घातला तर रंग लवकर सुटतो हे खरं, पण राळही विरघळते आणि तीच पुढे रेशमावर चिकट थर बनून बसते. धीर धरा. सकाळी दुहेरी मलमलीतून गाळा, उरलेल्या लाखेत एक लिटर पाणी घालून तासभर ठेवा, पुन्हा गाळा, आणि तसंच आणखी एकदा. तिन्ही पाणी एकत्र करून दोन तास स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसेल. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून घ्या.

आता कापड घालण्याआधी तीन पांढऱ्या वाट्या मांडा. प्रत्येकीत दोन चमचे हे लाखेचं पाणी. पहिल्या वाटीत टाटरीची चिमूट टाका, पाणी बघता बघता विटकरी-केशरट लाल होतं. दुसऱ्या वाटीत तुरटीचे दोन खडे टाकून चमच्याने ढवळा, रंग घट्ट होऊन किरमिजी येतो. तिसऱ्या वाटीत धुण्याच्या सोड्याचा एक कण टाका, जांभळाचा रस सांडल्यासारखा रंग होतो. शेंदरीच्या शेजारचा लाल, किरमिजी आणि जांभळा असे तिन्ही एकाच किड्याच्या रसातून आले. किड्यांच्या रंगांना वेगवेगळ्या काळी लाल नि जांभळा अशी निरनिराळी नावं का पडली, ते या तीन वाट्या पाहिल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि कामाचा धडाही इथेच मिळतो: आंबटपणा लालाकडे नेतो, खार जांभळ्याकडे. आपल्याला मधली वाटी हवी, किंचित पहिलीकडे झुकलेली.

भांड्यात लाखेचं पाणी आणि टाटरी घालून एकूण चार लिटर करा. तुरटीतून काढलेलं कापड एकदा साध्या पाण्यातून हलकं काढा, पिळू नका, आणि ओलंच थंड रंगात सोडा. मग आच लावा. पाऊण तासात हळूहळू 80 अंशांपर्यंत न्या. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: वाफ भरपूर, तळातून बारीक बुडबुडे, पण पाणी हललेलं नाही. तिथे पाऊण तास टिकवा आणि दर पाच मिनिटांनी कापड उलटत राहा. पाणी उकळलं तर रेशीम निस्तेज होतं. घडी पडून राहिली तर तिथे पट्टा उमटतो. मग आच बंद करून झाकण ठेवा आणि कापड रंगातच रात्रभर थंड होऊ द्या. या शेवटच्या रात्रीत रंगाला खोली येते, ही रात्र वगळू नका.

सकाळी साध्या पाण्यातून तीनदा काढा आणि शेवटच्या चार लिटरमध्ये दोन चमचे व्हिनेगर घाला. सावलीत, आडवं पसरून वाळवा. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, वाळल्यावर एक पायरी उतरतं, त्यामुळे ओल्यावर निर्णय घेऊ नका. वाळलेलं कापड चर्चमध्येच नेऊन पाहा, दहाव्या बाकावरून, तिथले दिवे लावून. पांढऱ्या एलईडीखाली किरमिजी आणखी निळसर दिसतो. तो जांभळा वाटू लागला तर लोकांना उपवासकाळाचा स्टोल वाटेल. तसं झालं तर टाटरीच्या पाण्यात (चार लिटरला तीन ग्रॅम, कोमट) दहा मिनिटं बुडवून काढा, रंग लालाकडे सरकतो. फिका राहिला असेल तर नव्या लाखेचं पाणी करून रंगवण्याची पायरी पुन्हा करा. मरूनसारखा काळपट आला असेल तर लोह शिरलेलं आहे आणि त्याला उपाय नाही.

शिवणं

स्टोल म्हणजे गळ्याभोवतून दोन्ही बाजूंना पुढे लोंबणारा पट्टा. मधे जोडलेल्या दोन पट्ट्यांचाच तो शिवावा. प्रत्येक पट्टा 52 इंच लांब, गळ्यापाशी 4 इंच आणि टोकाला 5 इंच रुंद, चारी बाजूंना अर्धा इंच शिवणीचा. पाद्री उंच असतील तर मानेच्या मागून गुडघ्याखाली चार बोटांपर्यंत माप घ्या. मागच्या जोडाकडे लक्ष द्या. दोन पट्टे सरळ कापून जोडले तर मानेमागे कापड उभं राहतं आणि पुढचे पदर फाकतात. जोडाची रेघ तिरकी कापा: गळ्याकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा 1 इंच आखूड. मग जोड मागे व्ही आकारात बसतो आणि दोन्ही पदर छातीवर सरळ पडतात.

आत पातळ बकरम. जाड बकरमने स्टोल पाटीसारखा उभा राहतो, बकरम नसेल तर टोकं गुंडाळतात. अस्तर त्याच लालाच्या जवळचं सुती सॅटिन, एकदा धुऊन आटवून घेतलेलं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटेल आणि रेशीम फुगेल. सुई 11 नंबर, टाका अडीच मिलिमीटर. सुलट बाजू आतल्या बाजूला ठेवून कडा शिवा, मागच्या जोडाजवळ पाच इंच उघडं सोडा, उलटवा आणि हाताने बंद करा. इस्त्री उलट बाजूने, वर ओलसर सुती कापड ठेवून.

क्रूस दोन्ही टोकांना 3 इंचांचे, खालच्या कडेपासून 6 इंचांवर, आणि मानेमागे एक लहान, दीड इंचाचा. जरतार लावायची तर ती रंगल्यावरच. जरीसकट कापड रंगात घातलं तर आंबटपणाने जरतार काळवंडते आणि तिच्यातलं तांबं रंगही बिघडवतं. भरतकामाचे लाल धागे हवे असतील तर रेशमी लडी त्याच भांड्यात कापडासोबत सोडा.

नंतरची काळजी

तिसरी वाटी आठवा: खार लागला की जांभळा. मानेचा मुरलेला घाम आणि डिटर्जंट दोन्ही तेच करतात, म्हणून लाखेचा स्टोल बहुधा मानेमागेच आधी बिघडतो. तिथे पांढऱ्या सुती कापडाची 10 इंच लांब पट्टी कच्च्या टाक्याने लावा, आणि महिन्यातून एकदा उसवून फक्त तीच धुवा. जांभळा डाग पडलाच तर एक कप पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून कापसाने टिपा, चोळू नका. ताजा डाग बहुतेक वेळा परततो. पूर्ण स्टोल धुवायची वेळ आली तर रिठाच वापरा.

ठेवताना घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात, भिंतीला लागून ठेवू नका.




तीन स्टोलांपैकी एक कोरा, न वापरता ठेवावा. पुढच्या वेळी रंग करताना जुळवायला नमुना तोच, आणि बाजारात जाताना बरोबर न्यायलाही तोच. दुकानदारापुढे तो पसरला की कोणता लाल हवा हे शब्दांत सांगावं लागत नाही.